उंबऱ्याच्या आत सर, बाहेर पिंट्या

मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायच्या वर्गाचं एक असतं. आपण काय शिकवलं ते आपण विसरतो, पण तिथं काय ऐकलं ते विसरत नाही. मी अडीच वर्षं असा वर्ग चालवला. त्यात नेमकं काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मला डोकं खाजवावं लागतं. किस्से म्हणाल तर मात्र खडकी ते हिंजवडी जाऊन-येऊन पुरून उरतील इतके आहेत.

खरं तर ते साठले त्या बसमध्येच. शनिवार-रविवार माझा वर्ग असायचा आणि सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढलो की मागच्या सीटवरून पहिला प्रश्न यायचा, "हं, या वेळी काय?" तेव्हा हिंजवडीत अर्ध्या जागेत ऊस होता आणि अर्ध्या जागेत काचेच्या इमारती उठत होत्या. रस्ता मात्र जुनाच होता, त्यामुळे ट्रॅफिक भरपूर. एका किश्शात चार सिग्नल निघायचे. त्यातलेच काही सांगतो. वाढवून सांगत नाही, कारण ती माणसंच अशी होती की वाढवायची गरज पडत नसे.

*

माझं घर खडकीचं. वडील दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, मी सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा मला पगार मिळायचा, आणि या कामाला लागणारा खवचटपणा माझ्यात जन्मतःच होता.

एकदा आमच्या एचआरच्या मॅडमनी मेल पाठवली, की प्रत्येकानं थोडं समाजकार्य करावं. मी आमच्या वस्तीतलं बुद्धविहार सुचवलं. तिथल्या हॉलमध्ये संध्याकाळी पाच ते साडेसहा प्रौढांचा वर्ग घ्यायचा असं ठरलं. पहिल्या शनिवारी पिवळे टी-शर्ट घातलेले अकरा जण आले. फळ्यापेक्षा मोठा बॅनर आला. फोटो निघाले. दुसऱ्या शनिवारी मी एकटाच होतो. मीही गेलो नसतो, पण विहार घरापासून चार मिनिटांवर होतं आणि आई तिथं आधीच जाऊन बसली होती.

मी तक्ता करून नेला होता. कोणत्या आठवड्यात कोणती अक्षरं, कोणत्या आठवड्यात जोडाक्षरं, मग मूल्यमापन. प्रोजेक्टचा करतात तसा पूर्ण प्लॅन. "नमस्कार, मी प्रशांत," एवढंच म्हणालो, तर पुढच्या रांगेतून हौसामावशी म्हणाली, "पिंट्या, शर्टाची बटनं वरखाली लावलीस बघ."

हौसामावशी आमच्या मागच्या घरात राहायची. साठी ओलांडलेली. मी तान्हा असताना मला पायावर घेऊन आंघोळ घालणारी हीच. तिच्यासमोर उभं राहून 'अ' लिहायचा म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळेल.

मी रुसलो. वर्गात मला सर म्हणा, असं स्पष्ट सांगितलं. यावर चर्चा झाली. शेवटी सखारामकाकांनी तोडगा काढला. काका वडिलांबरोबर फॅक्टरीत होते, रिटायर झाल्यावर हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला लागले होते. ते म्हणाले, "फॅक्टरीत आमचं तसंच असायचं. गेटच्या आत साहेब म्हणायचं, गेटबाहेर आला की अरे-तुरे. इथं उंबरा धरा. आत सर, बाहेर पिंट्या."

सगळ्यांना पटलं. अर्ध्या तासानं मी पाणी प्यायला बाहेरच्या नळावर गेलो. आतून हाक आली, "पिंट्या, येताना माझी बी बाटली भरून आण रं." बाटली भरून उंबरा ओलांडला, मावशीच्या हातात दिली. मावशी जागेवरून अर्धी उठली आणि म्हणाली, "थँक्यू सर."

*

वर्गात पंधरा-वीस जण येऊन-जाऊन असायचे. शेवटपर्यंत टिकले तिघं. हौसामावशी, सखारामकाका आणि शकूताई. शकूताई यवतमाळकडची. नवरा बांधकामावर आला तसे ते पुण्यात आले, आणि ती हिंजवडीत मुलींच्या हॉस्टेलमध्ये पोळ्या करायची.

दुसऱ्या रविवारी मी प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला शिकायचंय कशासाठी? काका म्हणाले, गेटवर रजिस्टर असतं, त्यात काय लिहितात ते बघायचंय. शकूताई म्हणाली, "एका माणसानं मिशी काढली म्हणून."

तिला बसची पाटी वाचता यायची नाही. हिंजवडीची बस ती कंडक्टरच्या मिशीवरून ओळखायची. मिशी भरघोस होती, लांबून दिसायची, चार वर्षं एकदाही चूक झाली नाही. मग त्या कंडक्टरनं मुलीच्या लग्नासाठी मिशी उतरवली. त्या दिवशी शकूताई ज्या मिशीमागं गेली ती हडपसरला जाणारी होती. हॉस्टेलच्या साठ मुलींना दुपारी पोळ्या मिळाल्या नाहीत.

पुढं ती पाट्या सहज वाचायला लागली. एकदा मी तिच्यासोबत स्टॉपवर उभा होतो. बस आली, तिनं पाटी मोठ्यानं वाचली, आणि तरीही कंडक्टरला विचारलं, "हिंजवडीले जाते का?" कंडक्टर पुण्याचाच होता. तो म्हणाला, "पाटी काय शोभेला लावलीय का?" शकूताई म्हणाली, "पाटीवर काय लिवलं ते मले समजते. तू कुठी नेतो ते विचारून राहिली."

हौसामावशीचं कारण वेगळं होतं. आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. एक जण पुढं बसून मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. कोणत्या दिवशी कोण वाचणार ते फळ्यावर लिहिलेलं असतं. मावशी तीस वर्षं ऐकणाऱ्यांत बसली होती. तिला एकदा पुढं बसायचं होतं.

"एकच दिस," ती म्हणाली. "फळ्यावर माजं नाव, आन म्होरं ग्रंथ. मग मेले तरी चालंल."

ती हे विहाराचे सेक्रेटरी दामूअण्णांनाही सांगून आली होती. अण्णा फॅक्टरीच्या ऑफिसातले हेडक्लार्क, खणखणीत आवाज, वर्षावासातले निम्मे दिवस तेच वाचायचे. माणूस प्रेमळ, पण नियमाला पक्का. ते तिला म्हणाले होते, "हौसाबाई, तुम्हाला सगळा ग्रंथ तोंडपाठ आहे. तुम्ही वाचताय की म्हणताय, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? वाचन म्हणजे वाचन."

*

मला वाटलं, अण्णांचं काहीतरीच. पाठ आहे म्हणजे उलट सोपं जाईल. तीन महिन्यांनी मावशीला अक्षरं यायला लागली तेव्हा मी विहारातला ग्रंथ कपाटातून काढला आणि तिच्यापुढं ठेवला. मावशीनं डोक्याला लावला, उघडला आणि सुरू केलं. काय वाचली! एक अडखळणं नाही. आवाजाचा चढउतार थेट दामूअण्णांचा. दोन पानं झाली. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आपला तक्ता एवढा चांगला होता?

मग मी जरा जवळ गेलो.

"मावशी, ग्रंथ उलटा धरलाय तुम्ही."

मावशीनं खाली बघितलं. "मग सांगायचं की सर. मी तवापासनं वाचतीया."

सगळे हसले, ती पण हसली. पण घरी जाताना उंबऱ्याबाहेर थांबली आणि मला म्हणाली, "पिंट्या, अण्णा खरं बोलत हुतं रं. मला सोताला बी कळलं न्हाई."

त्या दिवशी मी नियम केला. तिला वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, औषधाची चिठ्ठी, काहीही वाचायला द्यायचं, पण ग्रंथाला हात लावू द्यायचा नाही. दीड वर्ष हा नियम पाळला. मला वाईट वाटायचं. ज्यासाठी बाई आली तेच मी कपाटात कुलपात ठेवलं होतं.

*

हजेरीचं सांगायचं राहिलं. मला हजेरी घेणं म्हणजे वेळेचा अपव्यय वाटायचं. सात माणसं डोळ्यासमोर बसलेली, मोजायची काय? पण वर्गानं हट्ट धरला. शाळेत हजेरी असते म्हणजे असते.

मी वही उघडली आणि वाचलं, "हौसाबाई तुकाराम गायकवाड." उत्तर नाही. पुन्हा वाचलं. मावशी माझ्याकडे बघत शांत बसून होती. काकांनी कोपरानं ढोसलं तेव्हा दचकली. "अगं बाई, माजंच की," ती म्हणाली. पूर्ण नावानं तिला कुणी शेवटची हाक कधी मारली होती ते तिला आठवत नव्हतं. आयुष्यभर कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची मावशी. त्यानंतर तिनं फर्मान काढलं, हजेरी दोनदा घ्यायची. येताना आणि जाताना.

एका शनिवारी वर्गात एक अनोळखी बाई येऊन मागच्या रांगेत बसली. मी विचारलं, नवीन आहात का? तिनं हजेरीच्या वहीकडे बोट केलं. हजेरी सुरू झाली. "शकुंतला नामदेव राऊत" असं मी म्हटल्याबरोबर ती बाई ताडकन उभी राहिली.

"गैरहजर," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

शकूताईला ताप होता. नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही तर बरं दिसत नाही, म्हणून तिनं शेजारणीला पाठवलं होतं.

*

वर्षाच्या शेवटी चाचणी होती. शिक्षण खात्याकडून एक साहेब आले. चष्मा नाकावर, हातात कोऱ्या प्रश्नपत्रिका. सगळ्यांना लांब लांब बसवलं. मी भिंतीला टेकून उभा.

सखारामकाकांनी पेपर पूर्ण केला. उठले, चालत हौसामावशीकडे गेले, आपला पेपर तिच्यापुढं ठेवला आणि तिचा उचलून तपासायला लागले. साहेब धावले. "अहो, काय हे? भरदिवसा कॉपी?"

"कॉपी न्हाई साहेब, चेकिंग," काका म्हणाले.

"कसलं चेकिंग?"

"आमच्या फॅक्टरीत एकानं दारूगोळा भरला की दुसऱ्यानं बघितल्याबिगर पेटी हलत न्हाई. एकट्याचं काम बाहेर सोडायचं न्हाई, असा नियम. बत्तीस वर्षं मी तसंच केलं." मग त्यांनी आपले दोन्ही पंजे साहेबांसमोर धरले. "ही बघा. धाच्या धा हायत."

साहेबांनी खरोखर बोटं मोजली. मग खुर्चीवर जाऊन बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तेवढ्यात दोघांचं चेकिंग उरकलं. मला हे सांगायलाच हवं, की त्याच महिन्यात आमच्या कंपनीनं आम्हाला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. विषय हाच होता, दुसऱ्यानं तपासल्याशिवाय काम बाहेर सोडू नका. काकांनी ते दोन वाक्यांत शिकवलं असतं, आणि जेवणही ठेवावं लागलं नसतं.

*

काकांच्या गेटवर रजिस्टर होतं. आत येणाऱ्या कॅबच्या ड्रायव्हरनं त्यात नाव, गाडी नंबर आणि येण्याचं कारण लिहायचं. काकांना वाचता येत नव्हतं तोवर ते गंभीर चेहऱ्यानं रजिस्टर बघायचे, मान हलवायचे आणि आत सोडायचे. ड्रायव्हर लोकांना हे केव्हाच कळलं होतं.

वाचता यायला लागल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते म्हणजे जुनी रजिस्टरं काढली. जेवणाच्या सुट्टीत बसून पानंच्या पानं वाचली. येण्याचं कारण या रकान्यात कुणी 'सासुरवाडी' लिहिलं होतं. कुणी 'हवापालट'. एकानं सलग पंधरा दिवस 'मुलगी बघायला' लिहिलं होतं. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं पोरं आपल्याला हसत होती, हे काही छान वाटत नाही.

"आणि एकानं," ते म्हणाले, "एकानं रोज एकच लिहिलंय. दोन वर्षं. 'काकांना भेटायला.'"

"मग? झापलंत का त्याला?"

"त्याला कशाला? त्यानं खरं लिहिलं हुतं. रोज थांबून तंबाखू मळून द्यायचा."

बाकीच्यांना मात्र त्यांनी सोडलं नाही. 'काम' असं लिहिलं तर कोणतं काम, आणि 'पिकअप' लिहिलं तर कुणाचं, ते खुलासेवार लिहून घ्यायला लागले. लिहिलेलं एकेक अक्षर लावून वाचायचे, आणि मगच दांडी वर. तिसऱ्या दिवशी कॅबची रांग मेन रोडपर्यंत गेली. सुपरवायझर हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही आधी होतात तेच बरे होतात."

काकांनी हे मला प्रशस्तिपत्रक मिळाल्यासारखं सांगितलं.

*

दुसऱ्या वर्षी मी सहल काढली. पुस्तकातलं वाचून कंटाळा आला होता, म्हटलं जिथं भिंतीच बोलतात तिथं जाऊ. बसनं शनिवार पेठेत गेलो आणि गल्ल्यांतून पाट्या वाचत फिरायला लागलो. तिथल्या पाट्यांबद्दल मी काय सांगणार? 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' 'येथे पत्ता सांगितला जात नाही. आग्रह केल्यास चुकीचा सांगितला जाईल.' हौसामावशी प्रत्येक पाटी वाचून झाली की म्हणायची, "कुणी दुखावलंय ओ याला?"

एका दारावर तीन ओळींची पाटी होती. तिघं समोर उभे राहिले. वाचायची पाळी शकूताईची. तिनं बोट वर करून हवेत अक्षरं लावत सुरुवात केली. "दु-पा-री. एक. ते. चा-र. बे-ल. वा-ज-वू. न-ये." आवाज चांगला मोठा. वेळ दुपारची अडीच.

दार उघडलं. बंडी घातलेले एक आजोबा, हातात वर्तमानपत्राची घडी. आमच्याकडे, मग पाटीकडे, मग परत आमच्याकडे बघून त्यांनी पुण्यातला सगळ्यात जुना प्रश्न विचारला.

"वाचता येत नाही का?"

मी मान खाली घातली. शकूताईचा चेहरा मात्र उजळला. इतक्या आपुलकीनं तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"येते न जी," ती म्हणाली. "आत्ताच शिकली मी. दोन ओळी झाल्या, एक राहिली. थांबा जरासे."

आजोबा थांबले. दुसरं करणार काय? शकूताईनं तिसरी ओळ लावली. "दा-रा-त. घो-ळ-का. क-रू. न-ये." मग त्यांच्याकडे वळून विचारलं, "बराबर हाय का जी?"

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले.

काका अजून पाटीकडेच बघत होते. "एवढं सगळं लिवलंय," ते म्हणाले, "पण कृपया कुठं दिसंना."

आजोबांनी चष्मा वर करून आपलीच पाटी नीट वाचली. बहुतेक पुष्कळ वर्षांनी वाचली असावी. "पुढच्या वेळी रंगवताना घालतो," ते म्हणाले. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाले. "आत या. पाणी घ्या. दारात घोळका नको."

*

आता हौसामावशीच्या त्या दिवसाबद्दल.

तिसरा वर्षावास आला. मावशी तोवर वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचायची. हळू वाचायची, पण वाचायची. मी दामूअण्णांकडे जाऊन बसलो. अण्णा म्हणाले, "पिंट्या, माझा विरोध नाही रे. पण लोक म्हणणार, बाई पाठ म्हणतेय. आणि मला खोटं बोलता येणार नाही." मी तीन वेळा गेलो. चौथ्यांदा मावशी स्वतः गेली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'शनिवार – हौसाबाई तुकाराम गायकवाड.' अट एकच, अण्णा शेजारी बसणार.

शुक्रवारी संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. तिला भीती लोकांची नव्हती. "उद्या जीभ म्होरं पळंल आन डोळं मागं ऱ्हातील," ती म्हणाली. "लोक म्हणतील, बाईनं वाचलं. आन मला ठाव असंल, न्हाई वाचलं."

मी टेस्टर होतो. एखादी गोष्ट चालते की नाही हे तपासायच्या शंभर युक्त्या मला येत होत्या. यावर एकही सुचली नाही. मी एवढंच म्हटलं, "बोट सोडू नकोस. बोटाखाली जे जे छापलेलं येईल ते ते वाच. पुढचं वाचू नकोस, मागचं गाळू नकोस."

शनिवारी हॉल भरला होता. मावशी पांढरं लुगडं नेसून आली. काका आणि शकूताई पुढच्या रांगेत, माझी आई त्यांच्या मागं. वंदना झाली. अण्णांनी खूण काढून ग्रंथ उघडून दिला आणि शेजारी बसले. विहारातली ती एकच प्रत. जुनी, कापडी बांधणीची, वर्षानुवर्षं सगळ्यांनी तिच्यातूनच वाचलेलं. घरोघरी प्रती होत्या, पण त्या कपाटांत होत्या.

मावशीनं पानाच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं आणि वाचलं, "एकशे बारा."

कुणीतरी हसलं. अण्णा हळूच म्हणाले, "हौसाबाई, पान नंबर वाचायचा नसतो."

"सरांनी सांगितलंय, छापलंय ते वाचायचं," मावशी म्हणाली आणि पुढं सरकली.

आणि मग तेच झालं ज्याची तिला भीती होती. चार ओळी तिनं बोटानं वाचल्या. पाचव्या ओळीपासून आवाज मोकळा झाला, चढउतार आले, तिच्याबरोबर मागच्या बायकांचेही ओठ हलायला लागले. बोट फिरत होतं, पण ते जिभेच्या मागून फिरत होतं. मला दिसत होतं. अण्णांनाही दिसत असणार. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मावशीच्या कपाळावर घाम आला होता आणि ती थांबू शकत नव्हती. मला तिच्याकडे बघवेना.

"एकशे तेरा," मावशीनं वाचलं. ते पानही तसंच वाहत गेलं. शेवटच्या ओळीला वाक्य संपलं. तिनं पान उलटलं, वर बोट ठेवलं.

"एकशे सोळा."

आणि गप्प झाली.

अण्णांनी डोळे उघडले. मावशीनं पान मागं उलटलं, बघितलं. पुढं उलटलं, बघितलं. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. अण्णा वाकून म्हणाले, "वाचा पुढं. तुम्हाला येतंय की पुढचं."

"म्होरचं येतंय," मावशी म्हणाली. "मधलं कुठं गेलं?"

अण्णांनी ग्रंथ आपल्याकडे ओढला. एकशे तेरावर वाक्य संपत होतं, एकशे सोळावर नवा परिच्छेद सुरू होत होता. वाचणाऱ्याला कधी अडखळायला झालंच नव्हतं. बांधणी करताना खळ लागून दोन पानं कडेला चिकटली होती, आणि त्यांचं मिळून एक जाडसर पान झालं होतं. अण्णांनी ते पान दोन बोटांत धरून चोळलं. किती वर्षं त्यांनी ते तसंच उलटलं होतं कोण जाणे.

मावशीनं अंबाड्यातला आकडा काढला. कडेनं घातला आणि हळूहळू सरकवत नेला. कागद न फाटता सुटला. आतली पानं बाकीच्या ग्रंथापेक्षा पांढरी होती.

तिनं बोट ठेवलं. "एकशे चौदा."

मागच्या बायकांचे ओठ हलले नाहीत. मावशीचा आवाजही अण्णांचा राहिला नाही. तो वर्गातला झाला. एक अक्षर, मग दुसरं, मग दोन्ही मिळून शब्द. एका जोडाक्षरापाशी ती इतकी थांबली की मी उठून उभा राहिलो. काकांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. ते जोडाक्षर तिनं सोडवलं. मग पुढचा शब्द. त्या दोन पानांना पाऊण तास लागला. सातला सुरू झालेलं वाचन साडेसातला संपून लोक घरी जेवायला जातात, पण त्या दिवशी दाराजवळच्या चपला हलल्या नाहीत. दामूअण्णा मान खाली घालून ऐकत होते. तीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलेल्या ग्रंथातलं ते पहिल्यांदा काही नवं ऐकत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला मी काही लपूनबिपून बसलो नाही.

एकशे पंधराची शेवटची ओळ झाली. मावशीनं पदरानं तोंड पुसलं, पान उलटलं, एकशे सोळावर बोट ठेवलं आणि उचललं. मग ग्रंथ दोन्ही हातांनी धरून अण्णांच्या पुढं सरकवला.

"अण्णा, हितनं म्होरचं मला पाठ हाय," ती म्हणाली. "हितनं तुमी वाचा."